बैल गेला नि झोपा केला
(द्वितीय वर्ष, कला)

शीर्षक वाचून हा शेतीवरचा लेख असावा, असे वाचकमित्रांना वाटेल. पण मला लिहायचे आहे ते बेसबॉल या खेळाविषयी. आणि त्यातही बेसबॉलच्या प्रेक्षकांच्या रागाविषयी. ज्या गावात बेसबॉलची बॅट कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही अशा गावातून आलेल्या, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाने अमेरिकेतल्या खेळावर लेख लिहावा, हा काहींना आगाऊपणा वाटेल. म्हणून आधीच कबूल करतो, की हा खेळ मी कधी खेळलेलो नाही. तो मी फक्त पाहिला आहे. आणि तोही वसतिगृहातल्या मित्राच्या मोबाइलवर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबरमध्ये रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसतो. आमच्या वसतिगृहात नळाला पाणीही त्याच सुमारास येते. बादल्या भरता भरता माझी या खेळाशी ओळख झाली.

सुरुवातीला मला खेळापेक्षा प्रेक्षकांचेच नवल वाटे. सामना शेवटाकडे आला की मैदानाच्या टोकाचे एक दार उघडे. त्यातून एक खेळाडू पळत पळत येई, आणि त्याच्याच संघाचे पाठीराखे डोक्याला हात लावून बसत. कोणी टोपी काढून आपटी, कोणी ओरडे. त्या बिचाऱ्याने अजून एक चेंडूही फेकलेला नसे! न फेकलेल्या चेंडूचा राग माणसाला का यावा, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. त्याचा पिच्छा पुरवताना जे समजले ते येथे मांडतो. या रागाशी माझी स्वतःचीही एक जुनी ओळख आहे. ती शेवटी सांगेन.

खेळाची तोंडओळख

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू असतात आणि सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघांना एकेकदा फलंदाजी मिळते. तीन फलंदाज बाद झाले की पाळी संपते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठिकाणे आखलेली असतात, त्यांना ‘बेस’ म्हणतात. चेंडू मारून पळत सुटायचे आणि एकेक बेस गाठत मूळ जागी परत यायचे, की एक धाव झाली. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो ‘होमरन’. मग मारणारा आणि आधीपासून बेसवर उभे असलेले सारेच सावकाश घरी येतात.

चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. तो मातीच्या उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते. येथे चेंडूचा टप्पा पडत नाही. तो सरळ फलंदाजाकडे जातो. तीन चेंडू फलंदाजाने चुकवले किंवा योग्य असूनही सोडले तर तो बाद. उलट चार चेंडू रेषेबाहेर गेले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो.

येथवर सर्व सोपे आहे. क्रिकेटच्या माणसाला जे चटकन उमगत नाही ते पुढेच आहे. आपल्याकडे षटक संपले की गोलंदाज बदलतो. एखाद्याला मार बसू लागला तर कर्णधार त्याला सीमारेषेवर धाडतो, आणि दहा षटकांनी पुन्हा बोलावतो. बेसबॉलमध्ये एकच पिचर ओळीने फेकत राहतो. आणि एकदा त्याला मैदानाबाहेर काढले की त्या सामन्यात तो पुन्हा येऊ शकत नाही. दिलेला निर्णय मागे घेता येत नाही. आणि हा निर्णय मैदानातला कर्णधार घेत नाही. बाहेर बसलेला मॅनेजर घेतो. हे मॅनेजर बहुधा वयस्क असतात, पण अंगात खेळाडूंचाच गणवेश असतो. पिचर बदलायचा झाला म्हणजे ते चालत उंचवट्यावर जातात आणि चेंडूसाठी हात पुढे करतात. पिचर चेंडू हातात ठेवतो आणि मान खाली घालून निघून जातो. हजारो लोक तेवढी पंचवीस-तीस पावले श्वास रोखून पाहत असतात.

बुलपेन म्हणजे काय?

बदली पिचर जेथे बसतात आणि हात गरम करतात त्या जागेला ‘बुलपेन’ म्हणतात. ‘बुल’ म्हणजे बैल आणि ‘पेन’ म्हणजे कोंडवाडा. आपल्या भाषेत बैलांचा गोठाच म्हणा ना! तो बहुधा मैदानाच्या टोकाला, कुंपणापलीकडे असतो. मॅनेजर बसतो तेथून या गोठ्यापर्यंत टेलिफोनची तार असते. मॅनेजर फोन करतो, की अमक्याला तयार करा. पुढे या जागेवरून तिथल्या पिचरांच्या ताफ्यालाही बुलपेनच म्हणू लागले.

पूर्वी या गोठ्याला फारसे महत्त्व नव्हते. जो पिचर सामना सुरू करी तोच बहुधा संपवी. साय यंग या विख्यात पिचरने १८९० ते १९११ या काळात ७४९ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने फेकले. आज असा सामना क्वचितच पाहायला मिळतो. आता एका संघात २६ खेळाडू असतात व त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. त्यांपैकी पाच-सहा जण आळीपाळीने सामना सुरू करतात. बाकीचे सात-आठ बुलपेनमध्ये असतात. आघाडी शेवटपर्यंत टिकवणाऱ्या पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ नोंदवला जातो. ही मोजणी जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या क्रीडापत्रकाराने काढली आणि १९६९ पासून ती अधिकृत झाली. शेवटचा डाव सांभाळणारा खास माणूस तो ‘क्लोजर’.

मोसम १६२ सामन्यांचा असतो आणि सामने जवळजवळ रोज होतात. जोरात चेंडू फेकणे हे खांदा-कोपर झिजवणारे काम आहे. लागोपाठ तीन दिवस एकाच माणसाला जुंपले तर हात निकामी होण्याची भीती. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर डॉ. फ्रँक जोब यांनी एक नवी शस्त्रक्रिया केली; तिला त्या खेळाडूचेच नाव पडले, आणि आज कितीतरी पिचर तीमधून गेलेले असतात. म्हणजे मॅनेजरला रोज दोन हिशेब करावे लागतात: आजचा सामना जिंकण्याचा आणि उद्यासाठी माणूस राखण्याचा. प्रेक्षकाला मात्र आजचाच हिशेब दिसतो.

रागामागचे गणित

बुलपेन कोसळले म्हणजे नेमके काय होते? संघ सहा-सात डाव आघाडीवर असतो. दोन तास लोक आनंदात असतात. मग मुख्य पिचर थकतो, दार उघडते, आणि अर्ध्या तासात सगळे मातीमोल होते. सुरुवातीपासून हरणाऱ्या संघाचा पाठीराखा निराश होतो. जिंकता जिंकता हरणाऱ्या संघाचा पाठीराखा संतापतो. ताट समोर वाढून ओढून नेल्यासारखे ते असते.

यात गणिताचाही एक भाग आहे. पिचरची पारख करण्यासाठी त्याने दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या याची सरासरी काढतात. आपण एक उदाहरण घेऊ. मुख्य पिचरने वर्षभरात १८० डाव फेकले व ६० धावा दिल्या, तर त्याची सरासरी ३ येते. बदली पिचरने ६० डावांत २० धावा दिल्या, तर त्याचीही ३ च. आता दोघांच्याही वाट्याला तीन वाईट रात्री आल्या, आणि दर रात्री चार धावा जास्त गेल्या असे समजा. मुख्य पिचरची सरासरी ३.६ होईल, बदली पिचरची एकदम ४.८. वाईट रात्री दोघांच्या सारख्याच; पण एक ‘ठीक आहे’ ठरतो आणि दुसरा ‘कुचकामी’. मुख्य पिचरने पहिल्या डावात दोन धावा दिल्या तर भरून काढायला आठ डाव उरतात. बदली पिचरने नवव्या डावात दिल्या तर उरतो फक्त हिशेब. जो शेवटी उभा असतो त्याच्या अंगावर सर्वांचे पाप येते, हे केवळ खेळातच घडते असे नाही.

अर्थात राग नेहमीच अनाठायी नसतो. २०२० च्या आखूड केलेल्या, ६० सामन्यांच्या मोसमात फिलाडेल्फिया फिलीजच्या बुलपेनची सरासरी ७.०६ होती. एका विजयाच्या फरकाने त्यांची पुढची फेरी हुकली. तेथील लोकांनी टोप्या आपटल्या असतील तर त्यांना दोष कोण देईल?

दोन मॅनेजर, दोन उलट गोष्टी

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो दोन सामन्यांनी.

पहिला १६ ऑक्टोबर २००३ चा. बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यँकीज यांच्यातला निर्णायक सातवा सामना; जिंकणारा अंतिम मालिकेत जाणार. बोस्टनने १९१८ नंतर विजेतेपद पाहिले नव्हते. त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ म्हणजे त्या काळातला सर्वश्रेष्ठ. सात डावांत त्याचे १०० चेंडू झाले होते. शंभराच्या पुढे त्याचा जोर ओसरतो हे वर्षभराच्या आकड्यांवरून बोस्टनच्या लोकांना ठाऊक होते. तरीही मॅनेजर ग्रेडी लिटलने त्याला आठव्या डावात पाठवले. आघाडी ५–२ ची. एक बाद झाल्यावर लागोपाठ दोन फटके बसले व ५–३ झाले. लिटल उंचवट्यावर गेला, पेड्रोशी बोलला, आणि चेंडू न घेताच परत आला. त्यानंतरच्या दोन फटक्यांत सामना ५–५ वर आला. अकराव्या डावात ॲरन बूनच्या होमरनने यँकीज जिंकले. त्याच महिन्यात लिटलचे पद गेले.

लिटलने असे का केले असेल? त्या वर्षी बोस्टनने ठरलेला क्लोजर न ठेवता, वेळ पडेल तसा माणूस वापरायचे ठरवले होते. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात नवव्या डावातली ४–१ ची आघाडी बुलपेनने घालवली. पुढे माणसे बदलली, आणि यँकीजविरुद्धच्या या मालिकेत तर बोस्टनचे बदली पिचर उत्तम फेकत होते. पण एकदा उडालेला विश्वास सहज परत येत नाही. लिटलने थकलेल्या श्रेष्ठ माणसावर भरवसा ठेवला. ताज्या, पण साध्या माणसांवर ठेवला नाही.

दुसरा सामना २७ ऑक्टोबर २०२० चा. अंतिम मालिकेचा सहावा सामना. टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेजचा पिचर ब्लेक स्नेल त्या रात्री अंगात आल्यासारखा फेकत होता. नऊ फलंदाजांना त्याने चेंडू चुकवायला लावून बाद केले होते. सहाव्या डावात त्याच्यावर दुसरा फटका बसला तेव्हा त्याचे अवघे ७३ चेंडू झाले होते आणि रेज १–० ने पुढे होते. आता समोर येणारे तिन्ही फलंदाज त्याच्यापुढे दोन-दोनदा तसेच बाद झालेले. तरीही मॅनेजर केव्हिन कॅश चालत गेला आणि त्याने चेंडूसाठी हात पुढे केला. कारण आकडेवारी सांगते, की एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा फलंदाज त्याला अधिक ओळखू लागतो. याच शास्त्रावर रेज त्या मोसमात ६० पैकी ४० सामने जिंकले होते. स्नेलच्या जागी निक अँडरसन आला. एक फटका, एक निसटलेला चेंडू, एक घाईची फेक, आणि १–० चे १–२ झाले. डॉजर्सनी सामना ३–१ ने आणि १९८८ नंतरचे पहिले विजेतेपद जिंकले. स्नेल बाहेर गेल्यामुळे आपल्याला आनंदच झाला, असे डॉजर्सच्या मॅनेजरने नंतर सांगून टाकले.

म्हणजे एकाने काढायला उशीर केला म्हणून तो दोषी, आणि दुसऱ्याने काढायला घाई केली म्हणून तोही दोषी! लिटलवर ठपका असा, की त्याने आकडे पाहिले नाहीत. कॅशवर ठपका असा, की त्याने आकड्यांखेरीज काही पाहिलेच नाही. हे वाचून प्रथम मला वाटले, की लोकांना दोन्हीकडून बोलता येते. जो हरतो तो मूर्ख.

याहून निराळी एक तिसरी तऱ्हाही आहे. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी बाल्टिमोर ओरिओल्सचा टोरोंटोशी एका सामन्याचा निकराचा प्रसंग होता. त्यांचा क्लोजर झॅक ब्रिटन याने त्या वर्षी ४७ संधींपैकी ४७ सेव्ह मिळवले होते. मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला आघाडी मिळाल्यावर आणण्यासाठी राखून ठेवले. ती आघाडी आलीच नाही. अकराव्या डावात दुसऱ्याच पिचरवर होमरन बसला, आणि संघातला सर्वांत उत्तम माणूस एकही चेंडू न फेकता घरी गेला. लग्नाची वाट पाहत ठेवणीतले लुगडे पेटीतच कसरीने खावे, तसे झाले.

जे दिसत नाही ते

पुढे वाचता वाचता असेही कळले, की निर्णय म्हणून आपल्याला जे दिसते ते कधी कधी निर्णयच नसते. २०११ च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात सेंट लुई कार्डिनल्सचा अनुभवी मॅनेजर टोनी ला रुसा याने बुलपेनला फोन केला. टेक्सासच्या मैदानात प्रेक्षकांचा गोंगाट इतका होता, की पलीकडच्याला सांगितलेल्या दोन नावांपैकी एकच ऐकू गेले. त्यामुळे हवा होता तो जेसन मोट वेळेवर तयारच झाला नाही. डावखुऱ्या पिचरला उजव्या हाताच्या माइक नॅपोलीपुढे राहावे लागले व त्याच्या फटक्याने दोन धावा गेल्या. ला रुसाने पुन्हा फोन करून मोटला मागितले, तर त्या वेळी ‘लिन’ असे ऐकू आले आणि विश्रांतीवर असलेला लान्स लिन दारातून बाहेर आला! समोर आलेला माणूस पाहून मॅनेजरच चकित झाला. सामना ४–२ ने गेला. मैदानातल्या लोकांना मात्र ती मॅनेजरची अक्कल वाटली असणार. कार्डिनल्सनी ती मालिका पुढे जिंकली, म्हणून आज ही गोष्ट हसत सांगतात. हरले असते तर?

खरोखर, शेवटचा निकाल मागच्या सगळ्या निर्णयांना रंग देतो. २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सचे पाहा. त्यांच्या बुलपेनची सरासरी ५.६६, म्हणजे त्यांच्या लीगमध्ये सर्वांत वाईट. पहिल्या ५० सामन्यांत १९ विजय, ३१ पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा अशी ओरड झाली. पुढच्या फेऱ्यांत त्याने मुख्य पिचरांनाच बुलपेनमधून आणायला सुरुवात केली, आणि संघ चक्क विजेता झाला! अंतिम सामन्यात समोरच्या ह्यूस्टनने आपला मुख्य पिचर झॅक ग्रिंकी याला ८० चेंडूंनंतर काढले. त्याच्या जागी आलेल्या विल हॅरिसच्या चेंडूवर हॉवी केंड्रिकने मारलेला फटका सीमा दाखवणाऱ्या खांबाला जाऊन आपटला. खांबाला लागला म्हणून होमरन. थोडा बाहेरून गेला असता तर काहीच नाही. त्या थोड्या अंतरावर एक मॅनेजर शहाणा ठरला आणि दुसरा वेडा.

शिव्या आणि टाळ्या

आता ज्याच्या हाती चेंडू दिला जातो त्या माणसाकडे वळतो. १९९३ साली फिलाडेल्फियाच्या मिच विल्यम्सने ४३ सेव्ह मिळवून संघाला अंतिम मालिकेपर्यंत आणण्यात मोठा वाटा उचलला. चौथा सामना त्याच्या हातून निसटला, तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सहाव्या सामन्यात संघ ६–५ ने पुढे असताना मॅनेजरने शेवटच्या डावात पुन्हा त्यालाच पाठवले. टोरोंटोच्या जो कार्टरने होमरन मारला आणि मालिका संपली. विल्यम्स लपून बसला नाही. पत्रकारांसमोर उभा राहून त्याने चूक आपली असे सांगितले. तरी त्याच वर्षअखेरीस त्याला दुसऱ्या संघाकडे देण्यात आले.

न्यूयॉर्क मेट्सचा एडविन डियाझ २०१९ मध्ये ५.५९ च्या सरासरीने फेकत होता आणि घरच्याच मैदानात हुर्यो ऐकत होता. तोच २०२२ मध्ये १.३१ च्या सरासरीवर आला. मग तो दारातून येताना ट्रम्पेट वाजू लागले आणि तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पनामातल्या एका कोळ्याचा मुलगा मारियानो रिव्हेरा याने निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, ६५२ सेव्ह मिळवले. पण २००१ च्या अंतिम मालिकेचा शेवटचा डाव त्याच्याही हातून गेलाच. सर्वश्रेष्ठ माणसाचीही एखादी रात्र वाईट असते. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या रात्री येईल.

माझी गोष्ट

आता सुरुवातीला कबूल केलेली ओळख सांगतो. आमची तीन एकर जमीन आहे. त्या वर्षी उन्हाळ कांदा चांगला आला आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो चाळीत भरला. जून महिन्यात भाव बरा होता. आण्णा म्हणाले, अजून थांबू. पावसाळ्यात चाळीत पाणी झिरपले, निम्मा कांदा सडला, उरलेल्याला भाव राहिला नाही. माझी वसतिगृहाची फी त्याच पैशांतून जायची होती. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा चाळीतून सडका कांदा निवडून टाकणे चालू होते. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी आण्णांना चार माणसांदेखत म्हणालो, “जूनमध्येच विकायला काय झालं होतं? एवढी साधी अक्कल नाही?”

आण्णा चौथी शिकलेले. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “जूनमधी तू घरीच व्हता ना? तव्हा का नाही बोलला?”

मला उत्तर देता आले नाही. जूनमध्ये मी खरेच घरी होतो. भाव वाढेल की पडेल हे मलाही ठाऊक नव्हते. सडका कांदा दिसल्यावर मात्र मी सर्वज्ञ झालो. त्या दिवशी मी न जेवताच एस.टी.त बसलो. पुढे फी भरली गेली ती आईने बचत गटातून उचललेल्या पैशांनी.

आपल्याकडे म्हण आहे, ‘बैल गेला नि झोपा केला’. बैल पळून गेल्यावर गोठ्याला दार लावणारा शहाणा! बैलांच्या गोठ्याचे नाव मिरवणाऱ्या बुलपेनला ही म्हण किती चपखल बसते, असे मला वाटले आणि मी बेसबॉलच्या प्रेक्षकांना हसलो. पण थोडा विचार केल्यावर हसू मावळले. कारण ते प्रेक्षक बैल जाण्याआधीच ओरडत असतात! २००३ च्या त्या रात्री लिटल उंचवट्यावरून एकटाच परत निघाला, तेव्हाच बोस्टनची माणसे आपापल्या घरांत किंचाळत होती, की त्याला बाहेर काढा. २०२० मध्ये कॅशने हात पुढे केला त्याच क्षणी लोक म्हणाले, की हे काय चालले आहे? चेंडू फेकला जाण्याआधी त्यांनी आपले मत दिले होते. न फेकलेल्या चेंडूचा तो राग, ज्याचे मला एवढे नवल वाटले होते, तोच खरा प्रामाणिक राग होता. माझा राग त्यांच्यापेक्षा हलका ठरला. मी जूनमध्ये गप्प होतो.

समारोप

मॅनेजर कधी चुकत नाही असे मला म्हणायचे नाही. शंभर चेंडूंनंतर पेड्रो थकतो हे ठाऊक होते, म्हणून लिटलचा निर्णय निकालाआधीही वाईटच होता. अँडरसनने त्याआधीच्या अनेक सामन्यांत धावा दिल्या होत्या, हे कॅशच्या समोर होते. मग केवळ नियम म्हणून त्याला आणणे कितपत बरोबर, असे विचारता येते. कॅशची बाजूही मांडता येते, कारण त्याच नियमाने संघाला तिथवर आणले होते. मला कळले ते एवढेच, की निर्णय घेताना जे ठाऊक होते त्यावर निर्णयाची पारख करावी. नंतर जे घडले त्यावर करू नये. चांगला निर्णय हरू शकतो आणि वाईट निर्णय खांबाला लागून जिंकू शकतो. ज्याला बोलायचे असेल त्याने चेंडू हातात असताना बोलावे. चेंडू गेल्यावर बोलायचे असेल तर निदान आवाज खाली ठेवावा.

मला कॉलेजात घालण्याचा निर्णयही आण्णांनी असाच, काही ठाऊक नसताना घेतला आहे. गावातले लोक म्हणतात, पोराला कामाला लावला असता तर चार पैसे आले असते. ते बरोबर की आण्णा बरोबर, हे ठरायला अजून पुष्कळ डाव बाकी आहेत. चेंडू सध्या माझ्या हातात आहे.

यंदा कांदा चाळीत भरण्यापूर्वी आण्णांनी मला फोन केला आणि विचारले, “काय करू, विकू का ठिवू?” मी दोन दिवस बाजारभावाचे आकडे पाहिले आणि जे वाटले ते सांगितले, की निम्मा विका, निम्मा ठेवा. ते बरोबर ठरेल की चूक, हे हा लेख लिहिताना मला ठाऊक नाही. पण या वेळी मी आधी बोललो आहे.